नोएमीला उशीर झालाय

टुसॉन, १४ सप्टेंबर

एवारिस्तो,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, हे मला ठाऊक आहे. तो सध्या माझ्याकडेच राहू दे.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शिकागोच्या नाटकघराच्या पत्त्यावर लिहितेय. पत्ता ओर्तेन्सियाने तुझ्या जाहिरातीवरून उतरवून दिला. शेजारीण म्हणून ती चहाडखोर आहे, पण तिची नजर चांगली आहे. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस. चुका काढायच्याच तर आधी तुझ्या नाटकातल्या काढू.

तू म्हणालास, मी तुझी अब्रू घालवली. इथे टुसॉनला तुझा प्रयोग झाला तेव्हा मी काही ठरवून आले नव्हते. तू पाठवलेला झगा घालून, तू दिलेल्या पुढच्या रांगेतल्या खुर्चीत, पर्स मांडीवर घेऊन गप्प बसले होते. तुझे मेंढपाळ आले ते मला आवडले. डोक्यावर पत्र्याचे टोप, परग्रहावरून पडलेले, बेथलेहेम शोधता शोधता आपल्या वाळवंटात भरकटलेले. आभाळातून पाळत ठेवणारं ते यंत्र म्हणजे सैतान, हेही कळलं. पेपरातल्या माणसाने लिहिलंय की अवकाशयानांच्या सवंग गोष्टी, भुतंखेतं आणि नाताळातलं जुनं मेंढपाळांचं नाटक, यांची मोट अशी कुणीच बांधली नव्हती. त्याला सांग, आमच्या चर्चच्या अंगणात दर नाताळात मी सैतान व्हायचे तेव्हा चाकांच्या बुटांवरून यायचे, आणि एका वर्षी देवदूताच्या हातात तलवार म्हणून ट्यूबलाइट होती. तू मेंढरू होतास. बें बें करायचं सोडून दुसऱ्यांचे संवाद म्हणायचास. जुन्या बाजारातून तुला परग्रहांची फाटकी पुस्तकं आणून द्यायचे ती तुझं तोंड बंद राहावं म्हणून. त्यातून हे उगवेल असं कुणाला वाटलं होतं.

इथवर ठीक होतं. पण मेंढपाळांच्या मागून एक बाई चालत असते, ती फक्त बघणाऱ्यांना दिसते, मेंढपाळांना नाही. शेवटी तू तिच्यासाठी मृतांची वेदी मांडलीस, दर नोव्हेंबरात आपण घरी आपल्या मेलेल्यांसाठी मांडतो तशी. मेणबत्त्या, झेंडू, मीठ, पाण्याचा पेला. मधोमध फोटो. मला वाटलं, कुणा नटीचा असेल. मग पिवळा झगा दिसला.

माझ्या पेटीतून तो कधी काढलास हे विचारत नाही. नोएमी तुझी आई, फोटोवर तुझाही हक्क. पण आपल्या घरात वेदीवर कुणाचा फोटो लागतो हे तुला परक्याने शिकवायचं का? माझी आई आहे तिथे, माझा भाऊ आहे, तो बेवडा तुझा आजोबासुद्धा आहे. नोएमी नाही. लहानपणी तू हातात तोच फोटो घेऊन विचारलं होतंस, "आईला कुठे ठेवू?" मी म्हणाले होते, "पेटीत ठेव. ती मेलेली नाही. तिला उशीर झालाय."

आपल्यात डॉक्टरच्या कागदाने कुणी मरत नाही. वेदीवर फोटो चढला की माणूस मेलं. तू भरल्या नाटकघरात माझ्या मुलीला मारलंस, तेही मला पुढच्या रांगेत बसवून. म्हणून उठले, वर चढले, फोटो उचलून पर्समध्ये घातला आणि चालू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाच शेवट. दारात एक बाई माझा हात धरून म्हणाली, "किती खरं काम केलंत तुम्ही." मी म्हटलं, "सवय आहे."

त्यावर तू रस्त्यात, सगळ्यांदेखत ओरडलास, "आजी, ती मेली आहे. हे साऱ्या जगाला कळतं, तुलाच कळत नाही." आणि न जेवता शिकागोला गेलास. तुझ्यासाठी केलेलं मटण ओर्तेन्सियाच्या नवऱ्याने संपवलं. त्याने मात्र नावं ठेवली नाहीत.

फोटो मिळणार नाही.

आजी


५ ऑक्टोबर

एवारिस्तो,

ओर्तेन्सियाच्या फोनवर तुझा निरोप आला. "आजीला सांगा, फोटो पाठव, त्याच्याशिवाय शेवट उभाच राहत नाही." तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला, जशी काही मी बहिरी आहे.

"काय कळवू गं?" म्हणाली.

"कळव, पडू दे शेवट. उभा राहून तरी कुणाचं भलं झालंय."

तिने ते न लिहिता तुला गुलाबाचं चित्र पाठवलं. ते माझ्याकडून नव्हतं.

आता दुसरं. वाळवंटात सापडलेल्या हाडांना नावं शोधणारी ती कचेरी आहे ना, तिथली यादिरा आली होती. ही पोरगी वर्षाआड येते. मी जाळीच्या दाराआडूनच तिला वाटेला लावते. या वेळी ती हलेना.

"दोन्या रेफुखिओ," तिने अदबीने म्हटलं, "तुमच्या नातवाने लाळ दिली आहे तपासायला."

"कधी?"

"वसंतात. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

म्हणजे नाटकाच्या आधी. म्हणजे तू आधी तिकडे जाऊन आईला मेलेल्यांत घातलंस, मग स्टेजवर. मी आपली मटण शिजवतेय.

यादिरा म्हणाली, एका कोरड्या ओढ्यात काही वर्षांपूर्वी एक बाई सापडली. तुझं तिच्याशी थोडंफार जुळतंय. पण तेवढ्यावर सांगता येत नाही, तिच्या आईची लाळ मिळाली तर पक्कं कळेल.

"तिची आई घरी नाही," मी म्हटलं.

"मग तुम्ही कोण?"

"सैतान. विचार चर्चमध्ये कुणालाही."

हसली मेली. मी दार लावलं.

तू तेव्हा एवढासा होतास, तुला काय आठवणार, म्हणून सांगते. नोएमीचा बाप तिकडे मेक्सिकोत काबोर्काला मरायला टेकला होता. माझ्याकडे कागदपत्रं होती, तिच्याकडे नव्हती. मी म्हटलं, "त्याने तुला कधी कडेवर घेतलं नाही. तो एकटा मरू शकतो, मोठा आहे. तू गेलीस तर परत कशी येशील?" म्हणाली, "बाप आहे, आई." गेली. त्याला पुरलं. मग सीमेपलीकडून फोन केला, "उद्या निघतोय आम्ही. रविवारी जेवायला घरी. राजमा भिजत घाल." आवाजात हसू होतं. ती नेहमी हसत खोटं बोलायची, त्यामुळे मला कळलं की घाबरलीय.

राजमा मी अजूनही शनिवारी भिजत घालते. वाटीभरच. तू त्याला वेड म्हणतोस. वेड नाही, मला राजमा आवडतो.

तुझ्या त्या कचेरीबद्दल माझं म्हणणं एवढंच की ते फक्त मेलेल्यांत शोधतात. जिवंतांत शोधणारी कचेरी असेल तर पत्ता दे. तिथे मी बादलीभर थुंकून येते.

आजी


२३ ऑक्टोबर

एवारिस्तो,

लाळ दिली. तुझ्यासाठी नाही. ती पोरगी जाईना म्हणून.

पायरीवर येऊन बसली होती. ऊन होतं. कुत्र्याला बसवतात तसं कुणाच्या लेकीला उन्हात बसवत नाहीत, म्हणून आत घेतलं. कॉफी दिली, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तामाले दिले. तिने दोन खाल्ले, तिसऱ्याला नको म्हणाली आणि खाल्ला. काही विचारलं नाही. मलाच राहवलं नाही.

"ती ओढ्यातली. दात कसे होते तिचे?"

ती म्हणाली, "पुढच्या दोन दातांत फट होती."

"फट पुष्कळांना असते."

"असते," ती म्हणाली.

नोएमी त्या फटीतून शीळ घालायची. तू तिसऱ्या गल्लीत खेळत असलास तरी धावत यायचास. हे मी यादिराला सांगितलं नाही. तोंड उघडलं. तिने एक काडी गालाच्या आतून फिरवली.

"झालं?"

"झालं."

"एवढंच? माझ्या नवऱ्याला नुसती हाक मारायला मी याहून जास्त थुंकी खर्च केलीय."

निकाल महिना संपता संपता येईल म्हणाली. मी काही वाट बघत नाहीये. मला कामं आहेत. काळा स्कर्ट उसवून कंबरेत वाढवला, कधीतरी वाढवायचाच होता. कबरस्तानात गेले, माझ्या भावाच्या शेजारची जागा कुणी घेतलीय का ते सहज विचारलं. बाजाराच्या वाटेवरच आहे ते. ओर्तेन्सिया म्हणते, बाजार उलट्या दिशेला आहे. तिला दिशा कळत नाहीत.

या शनिवारी राजमा भिजत घातला नाही. पोट बरं नव्हतं.

तुझ्या नाटकाचं कसं चाललंय? ती बाई मेंढपाळांच्या मागून चालते तेव्हा तिच्या पायांत काय असतं? मी त्या दिवशी नीट बघितलं नाही. नोएमी गेली तेव्हा तिच्या पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते. वाळूत चालायला ते बरे असतात का, मला माहीत नाही. त्या नटीला अनवाणी चालवत असशील तर तेवढं बदल. अनवाणी गेलेली नाही ती.

यायचं असलं तर ये. दाराची कडी मोडलेलीच आहे.

आजी


४ नोव्हेंबर

एवारिस्तो,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, आणि तू रडायला लागलास की अजिबातच येत नाही. म्हणून कसं घडलं ते लिहून ठेवते.

यादिराचा निरोप येत नव्हता. एक तारखेला मी दर वर्षीसारखी वेदी मांडली. झेंडू ओर्तेन्सियाकडचा, पाव बेकरीतला. आई ठेवली, भाऊ ठेवला, आजोबाला जरा मागे ठेवलं. मग पर्स उघडली आणि नोएमीला ठेवलं. कुणी सांगितलं म्हणून नाही. पर्समध्ये तिला किती दिवस कोंडायचं. पाण्याचे पेले भरले. तिच्यासाठी पाणी मोठ्या पेल्यात ठेवलं. तहानेने गेलेल्यांना जास्त लागतं.

दोन तारीख झाली. ओर्तेन्सिया आली, फोटो बघितला आणि त्याच्याजवळचा झेंडू सरळ केला. नंतर नुसतं म्हणाली, "दिसते छान, नाही?" मी म्हटलं, "माझ्यावर गेली होती." गेली होती, असं म्हणाले. ऐकलं मी माझं मला.

काल यादिरा आली. हातात टोपी, म्हणजे काय ते मला कळलं.

म्हणाली, "दोन्या रेफुखिओ, ती नोएमी नाही."

"काय?"

"जुळलं नाही. ती बाई दुसरी कुणी आहे. मला माफ करा."

इतकी वर्षं मी देवमातेकडे एकच वाक्य मागत होते, कुणीतरी दारात येऊन म्हणावं, ही नोएमी नाही. ते वाक्य आलं. आणि मी त्या पोरीला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. तिने ऐकून घेतलं. जाताना वेदीकडे बघून क्रूसाची खूण केली, तेव्हा मात्र मला कळलं, मी काय करून बसलेय. फोटो वर चढला होता. वेदीवर चढलेलं माणूस खाली कसं उतरवायचं, हे मला माझ्या आईने शिकवलं नव्हतं.

ती ओढ्यातली कुणाची असेल? तिच्याही दातांत फट आहे. तिचीही आई कुठेतरी दार लावून बसली असेल.

मग तुझा फोन आला. तुला यादिराने आधीच कळवलं होतं. तू म्हणालास, "आजी, म्हणजे... म्हणजे असेल ती कुठेतरी?"

तू बोललास हे. साऱ्या जगाला कळतं म्हणून रस्त्यात ओरडलेला तू. आवाज तर असा, की समोर पुन्हा ते मेंढरू उभं आहे.

मी म्हटलं, "नाही रे."

"पण ती नव्हती ना ती?"

"ओढ्यातली ती नव्हती. ती दुसरीकडे आहे. एवारिस्तो, तुझी आई मेली आहे. ती त्या आठवड्यातच मेली. जिवंत असती तर तुझ्या वाढदिवसाला सरपटत आली असती."

तू रडत होतास. मी म्हटलं, "नाक पूस. संध्याकाळी प्रयोग आहे ना?"

तू म्हणालास, "आहे."

"मग जा. लोकांनी तिकिटं काढलीत."

फोन ठेवला आणि मीही पुसलं. दुसरं काही नाही.

आजी


१९ नोव्हेंबर

एवारिस्तो,

नोएमीसाठी नऊ दिवसांची जपमाळ झाली. तू नव्हतास तरी झाली.

फादर आधी तयार नव्हते. "दोन्या रेफुखिओ, देह नाही, कागद नाही, मी कुणासाठी प्रार्थना सुरू करू?"

मी म्हटलं, "फादर, तुमच्या देवाची कबरही रिकामीच सापडली होती. त्यावाचून कुणाचं अडलं का?"

ते हसले, मग आले.

पहिल्या दिवशी देह ठेवतात त्या जागी, खोलीच्या मधोमध, मी जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला. देह नव्हता म्हणून त्याच्यावर नोएमीचा पिवळा झगा पसरला. रोज संध्याकाळी बायका आल्या. माझ्या घरात कधी पाऊल न टाकलेल्याही आल्या. काही जणींची माणसं अशीच वाळवंटात राहिलीत, त्या क्रूसाच्या कडेला बसून आपापली नावं पुटपुटत होत्या. मी कुणाला अडवलं नाही. चुना सगळ्यांना पुरतो.

नवव्या दिवशी क्रूस उचलायचा, म्हणजे त्याचा चुना गोळा करायचा होता. आधी डोकं, मग एक हात, मग दुसरा, मग पाय. डोक्याकडची बाजू मुलाने उचलायची असते. तू म्हणाला होतास, येतो. ओर्तेन्सियाने तुझ्यासाठी खोली झाडली. मी दोन किलो मिरच्या भाजल्या. तू दुपारी फोन केलास की एक नट आजारी पडला, आता तुलाच मेंढपाळ व्हायला लागणार, नाहीतर नाटक बंद ठेवावं लागेल.

मी म्हटलं, "बरं." त्या बरं म्हणण्यात काय काय होतं ते तुला कळलं असेल, तुझा धंदाच तो आहे. बायका वाट बघत होत्या. मीच गुडघे टेकले आणि डोकं उचललं. आईने लेकीचं डोकं उचलायचं नसतं. फादरनी दुसरीकडे बघितलं. ओर्तेन्सियाचा नवरा, तो मटणखाऊ, एका हाताकडे बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. झेंडूच्या फुलाने चुना झाडून फडक्यात घेतला. थोडाही सांडला नाही.

इथवर सगळं जमलं. पुढे अडलं. तो चुना कबरीवर न्यायचा असतो. सगळ्या बायका फडक्याकडे बघायला लागल्या आणि मग माझ्याकडे. कुठे नेणार? भावाशेजारची जागा मी घेतली नाही, खाली कुणी नाही तिथे नुसता दगड कशाला. वाळवंटात टाकावा, तर कोणत्या बाजूला? ते सगळं वाळवंट तिचं नाही. दोन दिवस ते फडकं स्वयंपाकघरात टेबलावर होतं. मी त्याच्या शेजारी बसून जेवले.

मग डोक्यात आलं. तिला पुरलंय अशी जगात एकच जागा आहे, आणि ती तुझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी तू तिच्यासाठी मेणबत्त्या लावतोस, झेंडू मांडतोस, अंधारात बसलेली परकी माणसं तिच्यासाठी गप्प होतात. मी आले होते तेव्हा मला वाटलं, तू तिला मारतोयस. तू तिला पुरत होतास. आपल्या दोघांत ते तू एकट्याने केलंस.

म्हणून चुना तुला पाठवतेय. कॉफीच्या डब्यात आहे. काल पोस्टात नेला तर खिडकीतल्या माणसाने डबा हलवून विचारलं, "आत पांढरी भुकटी? हे काय आहे, बाई?"

"चुना."

"कशासाठी?"

"नाटकासाठी," मी म्हटलं. लगेच पटलं त्याला. फक्त म्हणाला, पिशवीत घालून नीट बांधून आणा. आज बांधलाय.

फोटो देणार नाही, तो माझ्या वेदीवर राहील. तुझ्या वेदीवर रिकामी चौकट ठेव, नाहीतर काही ठेवू नकोस, ते तुझं काम. ती बाई शेवटी जिथे थांबते, तिथे स्टेजच्या फळ्यांवर हा चुना घाल. आधी डोक्याकडची बाजू. नटांना म्हणावं, वरून चालायला हरकत नाही, कबरीवरून माणसं चालतातच. त्यांच्या बुटांना लागून ती थोडी थोडी घरोघर जाईल, जाऊ दे. तिला चालायची आवड होती.

पण प्रयोग संपला आणि दिवे गेले की तिथे झाडू मारू देऊ नकोस. कुणी विचारलं तर सांग, इथे माझी आई आहे.

आजी